प्रेसमधल्या बाई आणि अकरावीचा फॉर्म

पिंपळे गुरव, शुक्रवार

तीर्थरूप विजयश्री आत्या,

स्वरूपाचा वाकून नमस्कार. (पोस्टाने पोचेपर्यंत मी बारावी होईन, म्हणून पत्राचा फोटो काढून पाठवते आहे.) तुझा गुडघा कसा आहे? अंबाजोगाईच्या घराचा जिना चढू नकोस, असं आईने चारदा सांगायला सांगितलंय. मी एकदाच लिहिते.

अकरावी सायन्सला प्रवेश मिळाला. फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, बायोलॉजी, चारही घेतले. आता उद्या दुपारी बारापर्यंत फॉर्मवर लिहायचंय, जर्मन की आयटी. एकदा लिहिलं की बदलत नाही. बाबा म्हणतात, आयटीला मार्क पडतात, आणि चार विषयांनी पिकलेल्या डोक्यात जर्मन कुठे ठेवणार? त्यांचं बरोबरच असेल. पण त्यांनीच आपल्या चाकणच्या शेडमध्ये पत्रा दाबायची नवी प्रेस आणलीय (आपल्याला नवी, भंगारात जाता जाता वाचलेली), आणि ती बोलते.

दिवसातून तीन-चारदा, काम चालू असताना, आतून एका बाईचा आवाज येतो. शांत, सभ्य, दर वेळी तेच वाक्य. मशीनवरची पाटी जर्मन, म्हणून बाईही जर्मन असावी. प्रेस चालवणारे सोनबाकाका "व्हय बाई, व्हय" म्हणत हिरवं बटण दाबतात आणि पुन्हा आत हात घालून पत्रा बसवतात. आधी सगळे हसायचे. मग कुणीतरी लिंबू बांधलं. आता डबा खाताना तिच्याकडे कुणी पाठ करत नाही.

मला मात्र चैन पडेना. चौथीपर्यंत तू मला घरीच शिकवलंस आणि पहिला धडा दिलास, की मोठं माणूस बोललं तर उत्तर द्यावं. (बाकीचे धडे राहिले असते तर आज गणित सोपं गेलं असतं.) म्हणून मी फोन धरून भाषांतर केलं. पहिल्यांदा आलं, "दार नीट लावा." दुसऱ्यांदा, "आत माणूस आहे." तिसऱ्यांदा, "सहकार्याबद्दल आभार." वाक्य तिन्ही वेळा एकच होतं! बाबांनी मशीन बंद करून टॉर्चने आत पाहिलं. कुणी नव्हतं. मेकॅनिकही तपासून गेला. सगळं ठीक म्हणाला, पण त्यालाही जर्मन येत नाही.

सोनबाकाका म्हणाले, "बाय, आत तर रोज माजाच हात असतुय. त्येच्याबद्दल बोलत असंल का गं?"

यावर कुणी हसलं नाही. तेव्हापासून ते पत्रा चिमट्याने बसवतात.

तुझी आज्ञाधारक,
स्वरूपा

ता. क. खरं काम हे, की फॉर्मवर बाबांची सही लागते आणि ते फक्त तुझं ऐकतात. उद्या दहाच्या आत फोन कर.

पुन्हा ता. क. काल गुरुवार, शेडला सुट्टी, लाइट बंद. बाबा हिशेबाला तिथे निघाले, म्हणून सहीसाठी मीही बरोबर गेले होते. ते चष्मा आणायला गाडीकडे गेले. मेन स्विच बंद होता, मी दोनदा पाहिला. ती बोलली. मी सवयीने म्हणाले, "हो, जर्मन शिकून सांगते, फक्त दोन वर्षं थांबा."

आज दिवसभर ती गप्प. बाबा खूश, म्हणाले, मिटला जर्मनचा प्रश्न, आण तो फॉर्म, आयटी लिहू. सोनबाकाका चिमटा न सोडता म्हणाले, "गप न्हाई मालक. वाट बघतीया."

आत्या, मी शब्द दिलाय. फोन करशील तेव्हा बाबा शेडमध्ये असतील. आधी त्यांना बाहेर रस्त्यावर यायला सांग. तू जर्मनला नाही म्हणालीस, तर ते तिला ऐकू जायला नको.