चर्चजवळच्या वळणावर

डॉब्सनव्हिल, सोवेटो
रविवार, १३ ऑगस्ट २०२३

प्रिय दिसेबो,

तुम्ही सगळे बरे असाल. ब्लूमफोंटेनला इथल्यापेक्षा जास्त थंडी पडते, तेव्हा मुलीला सकाळी लोकरीची टोपी घालूनच शाळेत पाठवत जा. इथे आई बऱ्या आहेत. गुडघा दुखतो, पण तोंड चांगलं चालतं.

तुझा निरोप फोनवर आला त्याला बरेच दिवस झाले. मी उत्तर दिलं नाही. तुझा आवाज कानावर आला की मी "हो, बघू या" म्हणून फोन ठेवते आणि मग संध्याकाळभर स्वतःवर चिडत बसते. म्हणून कागदावर लिहिते आहे. मला लिहायची सवय आहे ती प्रयोगशाळेतल्या रक्ताच्या अहवालांची, तेव्हा गोड काही जमेल असं नाही.

आधी बातम्या. तुझ्या दादाच्या थडग्याचा दगड तयार झाला. २३ सप्टेंबरला शनिवारी त्याचं अनावरण, आणि त्याच दिवशी माझे वर्षभराच्या शोकाचे काळे कपडे उतरतील. आत्यांनी माझ्यासाठी निळा झगा शिवायला टाकलाय. शिंपीण माप घेताना म्हणाली, "अगं, वर्षभरात वाळलीस. का सासू जेवायला घालत नाही?" आई शेजारीच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "घालते, पण ती डब्यात भरून कामावर नेते आणि तिकडे दुसऱ्यांना वाटते." दोघी हसल्या. मीही हसले. वर्षभर मोठ्याने हसायचं नाही हा नियम मला कधी जड गेला नाही. तो मी लग्नाआधीपासून पाळते आहे, असं तूच एकदा म्हणाली होतीस.

त्लाली काका गाडी विकायच्या मागे लागलेत. मागच्या रविवारी आले आणि मांस पुढ्यात येण्याआधीच सुरू झाले. "मेलेल्या माणसाची गाडी दारात ठेवू नये. माझ्याकडे गिऱ्हाईक आहे, वोस्लोरसचं. सज्जन माणूस."

आई म्हणाल्या, "गिऱ्हाईक आहे की तुझा जावई?"

काका बीट खाऊ लागले. जावईच आहे.

आणि तुझा निरोप, त्याच गाडीबद्दलचा. "वहिनी, आता तुझे काळे कपडे उतरतील. गुशेशे मी घेऊन जाऊ का? दादाचीही तीच इच्छा होती." पहिली दोन वाक्यं ठीक आहेत. तिसरं मी इतक्या वेळा वाचलं की आता फोन न उघडताही दिसतं. मला मोत्लात्सीने अशी काही इच्छा सांगितली नव्हती. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तो माझ्याशी पाण्याच्या बिलाबद्दल बोलला, आईच्या गोळ्यांबद्दल बोलला. गाडीचं नाव काढलं नाही. तुझ्याशी काढलं असेल. तू रात्रभर गाडी चालवत आलीस आणि तासभर त्याच्याजवळ बसलीस, तेव्हा मी बाहेर बाकावर होते. आत हसण्याचा आवाज येत होता. छातीत पाणी झालेला माणूस हसत होता.

तुझ्या दादाने ती गाडी स्प्रिंग्जच्या एका म्हाताऱ्याकडून घेतली तेव्हा मी या घरात नव्हते. पांढरी, चौकोनी, चार दारांची, आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त रस्ता पाहिलेली. तू तेव्हा शाळेत होतीस आणि बॉनेटखाली विजेरी धरायचीस. लग्न होऊन आले तेव्हा तुमच्या दोघांचं सगळं जमलेलं होतं. रविवारी तुम्ही अंगणात, डोकी इंजिनात, पाय बाहेर. भराभर सेसोथोत बोलायचात. मला समजायचं, पण झुलू डोक्यात विनोद पोचेपर्यंत तुमचं हसून झालेलं असायचं. मी चहा आणून मडगार्डवर ठेवायची आणि तुझा दादा म्हणायचा, "तिथे नको, रंग जाईल."

एकदा तू हात मागे करून दहाचा पाना मागितलास. मी दिला तो तेराचा निघाला. तू म्हणालीस, "आमच्या सूनबाईंना दहा काय नि तेरा काय! दादा, हिच्या हाताने रक्त तपासून घेऊ नकोस हं, तुला बाळ होणार म्हणून सांगेल." तो इतका हसला की डोकं बॉनेटला आपटलं. विनोद चांगला होता. मी तो कामावर जाऊन सांगितला, आणि तिथेही सगळे हसले.

आता मला दहाचा पाना अंधारात नुसत्या बोटांनी ओळखू येतो. तुला हे माहीत नाही. पुढे सांगते.

माझ्या आईने लग्नात नवऱ्या मुलाला जाड लोकरी ब्लँकेट दिलं होतं, तपकिरी, कडेला पिवळी नक्षी. पहिल्याच हिवाळ्यात ते गाडीच्या बॉनेटवर गेलं. सकाळी इंजिन गार पडून रुसतं म्हणून. दिलेली वस्तू त्याची, ती कुणाला पांघरायची ते त्याने ठरवावं. पुढे तो गेला, घरातल्या बायकांनी खोली रिकामी करून जमिनीवर गादी घातली, आरशांवर चादरी टाकल्या, मला गादीवर बसवलं आणि खांद्यावर पांघरायला घाईत जे सापडलं ते आणलं. तेच ब्लँकेट. आठवडाभर मी नवऱ्याचा शोक इंजिनऑइलच्या वासात केला. आत्या सारख्या नाक मुरडत होत्या. त्यांना वाटलं, वास माझ्या प्रयोगशाळेतल्या औषधांचा आहे.

आणि अंत्ययात्रेला घातलेले ते टी-शर्ट. त्याच्या दोस्तांनी फोटो छापून वाटले, तो गाडीच्या खिडकीतून अर्धा बाहेर, मागे टायरचा धूर. नीट पाहा. त्याच्या शेजारी तूही आहेस, कोपरापर्यंत. मी कुठेच नाही. मी तो फोटो काढत होते.

हेवा हा शब्द मी आतापर्यंत लिहिला नव्हता. लिहिते. दुसरी बाई असती तर सोपं झालं असतं. आई, आत्या माझ्या बाजूने उभ्या राहिल्या असत्या आणि मी तिला फाटकाच्या आत पाऊल टाकू दिलं नसतं. तुला कशी अडवू? या घरची तू. बाहेरून आलेली मी.

पण खरी गोष्ट पाना, ब्लँकेट, फोटो यांपैकी कुठलीच नाही.

चर्चजवळचं आपलं वळण. तो कामावरून, मैदानावरून, कुठूनही घरी यायचा तेव्हा त्या वळणावर ॲक्सिलरेटरवरचा पाय क्षणभर सैल सोडायचा. इंजिनाचा आवाज चढता चढता थांबायचा, एक श्वास घ्यायचा, आणि पुन्हा चढायचा. तो श्वास ऐकला की मी चुलीवर पाणी ठेवायची. पाणी उकळेपर्यंत तो दारात. अकरा वर्षं. आम्ही याबद्दल एकमेकांशी कधी बोललो नाही. आम्ही बऱ्याच गोष्टींबद्दल बोललो नाही, त्यामुळे मला वाटायचं की हे आमचं बोलणं आहे.

मग अंत्ययात्रेचा शनिवार. स्मशानातून परत आलो, फाटकाशी हात धुतले, मला पुन्हा गादीवर नेऊन बसवलं. बाहेर रस्त्यावर पोरांनी आपापल्या गाड्या आणल्या आणि मोत्लात्सीसाठी, तो मैदानावर घ्यायचा तशा, टायर जाळत गाड्यांच्या गिरक्या घ्यायला लागली. धूर खोलीत येत होता. मला त्याचं काही वाटलं नाही, नुसता गोंगाट. शेवटी गुशेशे सुरू झाली. सहा सिलिंडरचा तो आवाज मी बहिरी झाले तरी पाठीने ओळखीन. तो चढला, चढला, थांबला. श्वास घेतला. पुन्हा चढला.

दिसेबो, मी उठले. गादीवरच्या बाईने उठायचं नसतं. मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी ठेवणार होते.

आत्यांनी हात धरून खाली बसवलं. थोड्या वेळाने तू आत आलीस, माझ्यासमोर गुडघ्यांवर बसलीस. हातांना जळक्या रबराचा वास, डोळे सुजलेले, आणि म्हणालीस, "ऐकलंस ना, वहिनी? अगदी दादासारखं ना? मागची चाकं घसरायच्या आधी पाय क्षणभर सैल सोडायचा. त्यानेच शिकवलं मला."

मी ब्लँकेट डोक्यावरून ओढून घेतलं. सगळ्यांना वाटलं दुःख अनावर झालं, आणि त्यांनी भजन सुरू केलं. दुःख होतंच. पण त्या क्षणी ते नव्हतं. जे मी अकरा वर्षं निरोप समजत होते ती गाडी फिरवायची युक्ती होती, आणि ती त्याने तुला शिकवली होती.

ईस्टरला तू गाडीबद्दल विचारलंस. मी सांगितलं, थोरांनी ठरवलंय, माझे काळे कपडे आहेत तोवर गाडीही गप्प बसेल, तिला कुणी हात लावायचा नाही. त्यांनी ठरवलं होतं हे खरं. पण मी तेव्हाच ती चालवायला लागले होते.

सुरुवात बॅटरी बसू नये म्हणून झाली. मग गॅरेजात पुढे-मागे. मग शनिवारी पहाटे कारखान्यामागच्या मोकळ्या मैदानावर, काळ्या कपड्यांत, डोक्याला काळा रुमाल बांधून. कुणी पाहिलं असतं तर सोवेटोभर गोष्ट झाली असती. माझी रोजची छोटी गाडी पुढून ओढते. ही मागून ढकलते, कमरेत हात घालून कुणी पुढे लोटावं तशी. पहिल्यांदा मागची चाकं घसरली तेव्हा मी किंचाळले आणि इंजिन बंद पडलं. नंतर नुसतंच बंद पडायचं. रेडिएटर तापला, त्याची नळी मीच बदलली, दहाच्या पान्याने. गिरकीही जमायला लागली, वेडीवाकडी. पण मला गिरकी नको होती. मला तो श्वास हवा होता. माझ्या पायाखाली ती नुसती ओरडते. मी पाय सोडते तेव्हा उशीर झालेला असतो किंवा फार लवकर. तू चुलीपाशी उभं राहून ऐकलं असतंस तर पाणी ठेवलं नसतंस.

म्हणून तुला गाडी द्यायची नव्हती. माझ्याकडे त्याचं घर आहे, आडनाव आहे, आई आहे. तुझ्याकडे त्याचा पाय आहे. तुला वर गाडीही कशाला?

काल पहाटे परत आले तर आई फाटकाशी खुर्ची टाकून बसलेल्या. मी गाडीतून उतरले. मग म्हणाल्या, "आज टायर जास्त जळलेत."

मी म्हटलं, "आई, तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"गुडघा दुखतो गं, कान नाही दुखत. शेजारणीने विचारलं होतं, पहाटे कसला आवाज. सांगितलं, गॅरेजात उंदीर झालेत."

"एवढा आवाज करणारे?"

"मी म्हटलं, आमच्याकडचे उंदीर दणकट असतात."

मी खाली पायरीवर बसले आणि मला रडू आलं. वर्षभरात चारचौघींत रडले होते, पण असं नव्हतं आलं. मी त्यांना सगळं सांगितलं. वळण, पाणी, तू. त्या ऐकत राहिल्या आणि मग रागावल्या, माझ्यावरच.

"वेडी आहेस का? मैदानात गिरकी घेताना पाय सोडतात. त्या वळणावर कसली गिरकी? तिथे म्हातारी माणसं चर्चला जातात. तू यायच्या आधी तो तिथून असा सुसाट यायचा की पाद्रीबाबा घरी येऊन मला बोलून गेले होते. मी ओरडले, बाप असताना बाप ओरडला, दिसेबो रडली. ऐकलं नाही. तुझं लग्न झालं आणि तो तिथे थांबायला लागला. मला वाटायचं तू सांगितलंस."

मी सांगितलं नव्हतं.

त्या उठून आत गेल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "आता पाणी ठेव. मलाही चहा लागतो."

तेव्हा आता उत्तर. काकांच्या जावयाला गाडी मिळणार नाही. तू ने. अनावरणाच्या दिवशी थडग्यावरचं कापड निघेल तेव्हा त्याच्यासाठी गिरकी तूच घे, कारण त्याच्यासारखी दुसऱ्या कुणाला येत नाही. हे लिहिताना मला अजूनही बरं वाटत नाहीये, पण खरं आहे. तो तुला गाडीबद्दल म्हणालाही असेल. कधी, कुठे, काय शब्दांत, ते मला सांगू नकोस. रेडिएटरवर लक्ष ठेव. गार सकाळी दोन मिनिटं तशीच चालू राहू दे.

बॉनेटवर टाकायला दुसरं काहीतरी घेऊन ये. ब्लँकेट माझं आहे, ते मी धुतलेलं नाही आणि देणार नाही.

आणि एकच अट. मैदानात, स्मशानाबाहेर, ब्लूमफोंटेनच्या कुठल्याही रस्त्यावर पाहिजे तेवढा पाय सैल सोड. पण चर्चजवळच्या वळणावर नाही. तिथून एका दमात निघून जा. पाद्रीबाबांनी तक्रार केली तर मी बघून घेईन. मी स्वयंपाकघरात असेन, आणि तू थांबलीस तर मला ऐकू येईल.

मुलीला माझा पापा. चहाला ये, पण आलीस की दार वाजव.

तुझ्या दादाची बायको,
बुसिसिवे