लेकीच्या ताटातला भात

प्रिय ताई,

लांबूनच तुझ्या पाया पडते.

लेक बरी आहे, काळजी नको. परागकणांची अ‍ॅलर्जी जावी म्हणून तिला दवाखान्यातून खास भात दिलाय; तांदळाच्या जनुकांत बदल करून दाण्यातच औषध आणलंय म्हणे. ती रोज अर्धा टाकते. अन्न वाया कसं घालवायचं? मी संपवते.

आज डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हिला काहीच फरक नाही. पण आई, तुमच्या शिंका कशा थांबल्या?"

प्रार्थनेत शिंकते म्हणून कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर मला वर्गाबाहेर काढायच्या, आठवतं? त्याच शिंका गं.

लेक म्हणाली, "आई, तू माझं उष्टं खातेस?"

लेकीच्या तोंडचा घास काढला मी, अक्षरशः. ती हसतेय, मी तिचं ताट परत तिच्यापुढे सरकवलंय.

तुझे गुडघे कसे आहेत?

तुझीच,
धाकटी