नाक्याच्या रांगेतली गाडी

अण्णा, आज दुपारी तुमची गाडी गुजरातच्या हद्दीवर आच्छाडच्या तपासणी नाक्याजवळ थांबली. गाडी तीच, नंबर तोच, चालवणारा दुसरा. तुम्हाला जाऊन पाच वर्षं झाली. नवा कर आल्यापासून नाक्यावरची ती लांबलचक रांगही उठली, आता तिथे कुठलीच गाडी उभी राहत नाही. म्हणून दहा मिनिटं होताच ऑफिसात कॉम्प्युटरवर घंटी वाजली. माझ्या शेजारी नवीन लागलेली एक मुलगी बसते. तिने फोन लावला आणि ज्या आवाजात बोलायला मीच तिला शिकवलंय त्याच आवाजात विचारलं, "गाडी क्यों खड़ी है?" मी तिच्या हातातून फोन काढून घेतला. पलीकडून ड्रायव्हर म्हणाला, "टायर बघतोय ताई, दोन मिनिटं." मी म्हटलं, दोन कशाला, वीस घ्या. मग बाथरूममध्ये जाऊन कितीतरी वेळ नुसते हात धूत राहिले. त्या पोरीला वाटलं, मी तिच्यावर रागावले.

मी शाळेत होते तेव्हा तुम्ही घोलवडहून चिकू भरून दिल्लीला जायचात. परत आलात की घरभर तो गोड, थोडा आंबूस वास. तुम्ही सांगायचात, चिकू जिवंत माल आहे, मागे बसून पिकत असतो, त्याच्यासाठी पळावं लागतं. केबिनमध्ये येणाऱ्या वासावरून तुम्हाला कळायचं की आता जेवायला थांबायचं की तसंच दामटायचं. मग ज्या शेठची ती गाडी होती त्याने ती विकली आणि तुम्ही चार महिने ओट्यावर बसून काढलेत. रस्त्यावरून टेम्पो गेला तरी मान वर करायचात. मी बीकॉम होऊन तलासरीला हायवेवरच्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात लागले होते. आमचे कंटेनर भिवंडीच्या गोदामांतून ऑनलाइन मागवलेला माल घेऊन अहमदाबादला जायचे. तिथे तुमच्यासाठी शब्द टाकला तो मीच. साहेबांनी विचारलं, वय काय? मी तीन वर्षं कमी सांगितलं.

पहिल्या फेरीच्या आधीची सकाळ आठवते. आई भाकऱ्या थापतेय, सुकट भाजल्याचा धूर स्वयंपाकघरात कोंडलाय, आणि मी तुम्हाला माझ्या मोबाइलवर नकाशा दाखवतेय. तुम्ही मोबाइल हात लांब करून धरलाय, चष्मा लावायचा नाही म्हणून.

"हा ठिपका म्हणजे मी?"

"हो. तुम्ही थांबलात की ठिपका थांबतो. दहा मिनिटांच्या वर थांबलात की आमच्याकडे घंटी वाजते."

"आणि मी खाली उतरून चालायला लागलो तर?"

"मग काही नाही. ठिपका गाडीचा आहे अण्णा, तुमचा नाही."

आई तव्यापाशीच हसली. तुम्हीही हसलात. मग विचारलंत, "पण खोक्यांत आहे काय?" मी म्हटलं, काहीही असतं, चपला, मिक्सर, मोबाइलची कव्हरं. "मग नासत तर काही नाही. एवढं पळवायचं कशाला?" मी म्हटलं, लोकांना उद्याच्या उद्या हवं असतं. तुम्ही मान हलवलीत, पण ते तुम्हाला पटलं नव्हतं.

त्याच आठवड्यात तुम्ही मला तुमच्या जुन्या गाडीतली सीटवरची लाकडी मण्यांची गादी धुऊन, उन्हात वाळवून दिलीत. म्हणालात, "खुर्चीवर टाक. दिवसभर बसून कंबर जाते, मला माहितेय." मला लाज वाटली. ऑफिसात सगळे हसतील म्हणून मी ती कधी नेलीच नाही, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा "छान आहे" म्हणाले. आणि एकदा तुम्ही माझ्यावर रागावलात. मी कुठल्याशा ड्रायव्हरला फोनवर झापत होते आणि तुम्ही कागद घ्यायला आला होतात, दारात उभे होतात. घरी आल्यावर म्हणालात, "एवढं ओरडायला काय झालं? फोन कानालाच असतो माणसाच्या." मी म्हटलं, तुम्हाला ऑफिसचं कळत नाही. दुसऱ्या दिवसापासून माझा फोन गेला की तुम्ही तुमचं नाव न सांगता गाडीचा नंबर सांगायचात. मला ती गंमत वाटायची. आता वाटतं, ती गंमत नसावी.

तो दिवस दिवाळीच्या आधीचा. कंपन्यांनी सेल लावले होते, भिवंडीहून गाड्यांमागून गाड्या सुटत होत्या, आणि साहेब आमच्या खुर्च्यांमागे येरझारा घालत होते. दुपारी दोनच्या सुमाराला चारोटीच्या अलीकडे तुमचा ठिपका थांबला. दहा मिनिटं झाली, घंटी वाजली. साहेब म्हणाले, "तुझ्याच वडलांची ना?" तेवढंच म्हणाले. मी फोन लावला.

"अण्णा, गाडी का उभी आहे?"

"जरा बसलोय गं. घाम फुटलाय."

"ऊन आहे, घाम येणारच. आज थांबून चालणार नाही. सगळे बघतायत इथे."

मला तुमचा श्वास ऐकू येत होता. मग म्हणालात, "निघतो." आणि ठिपका हलला. साहेब पुढच्या खुर्चीकडे गेले. मला बरं वाटलं.

आमचं ऑफिस हायवेला लागून आहे, माझ्या डाव्या हाताला खिडकी. अर्ध्या तासाने तुम्ही तिथून गेलात, खिडकीपासून पन्नास पावलांवरून. मी तुम्हाला पाहिलं नाही. तुम्ही जाताना मी पडद्याकडे बघत होते. ठिपका आमच्या ऑफिसवरून सरकला, पुढे गेला, ते मी पाहिलं. मान वळवली असती तर तुमचा चेहरा दिसला असता. खाली उतरून हात केला असता तर तुम्ही थांबला असता. एवढंच आहे, अण्णा. पाच वर्षं मी त्या खिडकीशीच येऊन थांबते.

मग तुम्ही नाक्याच्या रांगेत लागलात. तेव्हा तिथे सगळ्याच गाड्या तासन्‌तास उभ्या असायच्या, त्यामुळे तेवढ्या पट्ट्यात घंटी वाजू नये अशी सोय करून ठेवलेली होती. तुमचा ठिपका उभा राहिला आणि कुणाच्या मनात काही आलं नाही. मी डबा खाल्ला. तासाभराने पाहिलं तर तुमच्या मागे असलेली आमचीच दुसरी गाडी हद्द ओलांडून भिलाडला पोचली होती आणि तुम्ही तिथेच. मला राग आला. वाटलं, झोपले. तीनदा फोन लावला. चौथ्यांदा कुणी परक्या माणसाने उचलला. गुजरातकडचा ड्रायव्हर होता, तुमच्या गाडीमागे अडकलेला. हॉर्न वाजवून वाजवून शेवटी केबिनमध्ये चढला होता. म्हणाला, "बेन, आ भाई उठता नथी."

साहेबांनीच मला त्यांच्या मोटरसायकलवरून नेलं. तुम्ही सीटवर बसलेले होतात, डोकं खिडकीला टेकलेलं. हँडब्रेक ओढलेला, इंजिन बंद, किल्ली काढून समोर ठेवलेली. म्हणजे तुम्हाला कळलं होतं. कुणीतरी तुमच्या खांद्यावरचा टॉवेल तोंडावर टाकला होता. आजूबाजूने गाड्या वाट काढून पुढे जात होत्या. तुमचे पाय अजून पेडलांपाशी होते, आणि ते सरळ कसे करायचे हे कुणाला सुचत नव्हतं. संध्याकाळपर्यंत दुसरा ड्रायव्हर आला. माल दुसऱ्या दिवशी सकाळी अहमदाबादला वेळेत पोचला. कुणाकुणाला त्यांची खोकी मिळाली असतील. कुणाची तक्रार आली नाही.

डॉक्टर म्हणाले, झटका मोठा होता, आधी थांबले असते तरी वाचले असते असं सांगता येत नाही. चारोटीच्या फोनचं मी आईला तेराव्यानंतर सांगितलं. ती चिकूच्या वखारीतल्या कामावरून आली होती, हाताला चीक लागलेला. ती हातांचा चीक चोळून काढत बसली आणि म्हणाली, "मग तू का नाही गेलीस त्यांच्याकडे? चारोटी काय लांब आहे?" पुन्हा तिने तो विषय काढला नाही, मीही नाही. आम्ही दोघी जेवतो, टीव्ही बघतो. कधी तिला मी बोलता बोलता उठून खिडकीशी गेलेली दिसते, आणि ती तेवढ्यापुरती टीव्हीचा आवाज कमी करते.

मी नोकरी सोडली नाही. लोकांना वाटतं, घर चालवायचं म्हणून. तेही आहेच. पण मी गेले तर त्या खुर्चीवर दुसरं कुणीतरी बसेल आणि पडद्याकडे बघत राहील. मी आता उठते. आमची गाडी तलासरीत शिरली की खिडकीशी जाते आणि चेहरा बघते. ड्रायव्हरांना वाटतं, ताई हात करतात. तेही हात करतात. तुमच्या गाडीला मात्र मी हात करत नाही. ती जवळ आली की मला काचेमागे कोण आहे ते आधी दिसत नाही, आणि तेवढा क्षणभर तुम्हीच असता.

हे लिहिलेलं मी आईला वाचून दाखवणार नाही, फाडूनही टाकणार नाही. पिशवीत घालून कपाटात ठेवीन. एकच राहिलंय. मी सगळ्यांना सांगितलंय, आईलाही, की त्या माणसाने फोन उचलला तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. ते खरं नाही, अण्णा. तो म्हणाला, भाई उठत नाही, आणि मी त्याला विचारलं, "पीछे का सील देखो, टूटा तो नहीं?" तो बिचारा खाली उतरला, कंटेनरच्या मागे जाऊन दार बघून आला, आणि धापा टाकत म्हणाला, "सील बराबर छे, बेन. पण तमे आवो."