डावा अंगठा, किरकोळ

१ सप्टेंबर, सोमवार

आजपासून रोजनिशी. कारण ऐतिहासिक आहे.

कन्येने माझ्याकडे काहीतरी मागितलं. चौदाव्या वर्षापासून तिने वायफायचा पासवर्ड सोडून माझ्याकडे काही मागितलेलं नाही. आता तेवीसची आहे. सोळा ऑक्टोबरला शिकायला परदेशी जाणार, दोन वर्षांसाठी. त्याआधी बारा तारखेला मित्रमंडळींचा छोटा कार्यक्रम. चार गाणी, गाणार ती. त्यांचा बेस गिटारवाला नोकरी लागून दुसऱ्या गावी गेला. तर म्हणाली, बाबा, तू वाजवशील का?

विचार करून सांगतो म्हणालो. तीन सेकंद केला.

बेस गिटार मी पन्नाशीला स्वतःच स्वतःला भेट दिली होती. गेल्या दीड वर्षात दीड गाणं बसलंय. त्या हिशेबाने सहा आठवड्यांत चार गाणी होत नाहीत, पण तेव्हा मी मन लावलेलं नव्हतं.

संकल्प: रोज दोन तास. खंड नाही.

डाव्या अंगठ्याच्या मुळाशी जरा काहीतरी जाणवतंय. सवय नसल्याने. पंचवीस वर्षं लोकांचे हात बरे करतोय. पाटीवरच आहे, फिजिओथेरपिस्ट, खास हातांसाठी. दुखणं असतं तर सगळ्यात आधी मला कळलं असतं.

३ सप्टेंबर

दुपारी दीड ते चार क्लिनिक बंद असतं. तेव्हा व्यायामाच्या खोलीत सराव. जागा उत्तम, भिंतभर आरसा. वाजवताना मी बरा दिसतो.

पावणेतीनला वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांचा माणूस खाली आला. म्हणाला, साहेबांनी अजून मशीन सुरूही केलं नव्हतं, तरी खुर्चीतल्या बाई ओरडल्या. आवाज अगदी बारीक केला. मग मलाच ऐकू येईना, म्हणून जोर लावून वाजवलं.

घरी मुरांब्याच्या बरणीचं झाकण उघडेना. हल्ली झाकणं फार घट्ट बसवतात. हिने, म्हणजे बायकोने, उघडलं. मग त्याच झाकणाची दोनदा उघडझाप करून दाखवली.

४ सप्टेंबर

योगायोग बघा. नवीन पेशंट, एका हॉटेलात रोज संध्याकाळी बेस वाजवतो. तिशीचा असेल. डावा हात, अंगठ्याचं मूळ, मनगटापर्यंत कळ.

चाचणी केली. अंगठा मुठीत धरायचा आणि मनगट करंगळीच्या बाजूला वाकवायचं. तो आई गं म्हणाला. निदान पक्कं. तीन आठवडे पूर्ण विश्रांती, हाताला स्प्लिंटची आधारपट्टी, त्यानंतर दोन आठवडे थोडं थोडं वाजवायचं. तो म्हणाला, रोज वाजवणारा माणूस तीन आठवडे करणार काय? मी त्याला झाडलाच. वाद्य वाट बघेल, शीर बघणार नाही, म्हणालो. बाहेर काउंटरवरच्या बाईंनीसुद्धा मान डोलावली. सोळा वर्षं आहेत इथे. सहजासहजी डोलावत नाहीत.

दुपारी तीच चाचणी स्वतःवर केली. अंगठा मुठीत धरला, मनगट वाकवायला लागलो आणि दुखायच्या आत थांबलो. दुखलं नाही.

झाकली मूठ सव्वा लाखाची.

७ सप्टेंबर, रविवार

पहिली तालीम. ड्रम वाजवणाऱ्या मुलाच्या वडिलांचं गॅरेज. सगळे मला काका म्हणतात आणि माझ्यासाठी खुर्ची आणतात. मी उभ्यानेच वाजवलं.

ही पोरं गाणी फार पळवतात. दुसऱ्या गाण्यात हाताला कळ आली तेव्हा पट्टा नीट करायला थांबलो. तिसऱ्यातही पट्टा नीट केला. चौथ्याच्या आधी कन्या स्वतः येऊन पट्टा नीट करून गेली.

येताना गाडीत ती पूर्ण वेळ बोलत होती. तिथली खोली, थंडी, स्वयंपाक येत नाही वगैरे. किती दिवसांनी. हात मांडीवर उलटा ठेवून ऐकत होतो.

११ सप्टेंबर

हॉटेलवाला वादक दाखवायला आला. स्प्लिंट आंघोळीपुरतंच काढतो म्हणाला. असले पेशंट विरळा.

उपचाराच्या दृष्टीने माहिती हवी म्हणून त्याला विचारलं, गाणी पळवली तर बोटं कशी पुरतात? आणि चौथ्या तारेवरून पहिल्यावर कसं यायचं? आणि अंगठा नेमका कुठे? त्याने टेबलावरची पट्टी गिटारसारखी धरून दाखवलं. अंगठा मागे नुसता टेकवायचा, आवळायचा नाही. आणि म्हणाला, डॉक्टर, खरं कारण वेगळंच. स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की माणूस दुप्पट जोराने दाबतो. हॉटेलात माझा आवाज कमी ठेवायचे, तिथूनच हे सुरू झालं.

मुद्दा पटला. दुपारी आवाज वाढवला. दातांच्या डॉक्टरांचा माणूस तीन मिनिटांत खाली. पुन्हा कमी केला.

१५ सप्टेंबर

कपाटातून एक स्प्लिंट घेतलं. डावं, मध्यम. बाईंनी विचारलं, कुठल्या पेशंटच्या नावावर लिहू? डेमो पीस म्हणालो. त्यांनी तसं लिहिलं. लिहिताना फार हळू लिहिलं.

पूर्ण बाह्यांचे शर्ट काढले. ही म्हणाली, एवढ्या उकाड्यात? म्हटलं, क्लिनिकमध्ये शिस्त हवी.

एखाद्या ओळखीच्या डॉक्टरला दाखवावं का? नको. हात दाखवून अवलक्षण. त्याने विश्रांती सांगितली तर? आणि तो तीच सांगणार. मी असतो तर मीही तीच सांगितली असती.

१८ सप्टेंबर

बर्फापेक्षा गोठवलेले मटार चांगले, मनगटाला गुंडाळले जातात. पाकीट सकाळी बॅगेतून नेतो, टेबलाखाली धरतो, संध्याकाळी परत फ्रीजमध्ये. आज हिने त्याच पाकिटाची उसळ केली. वाढताना म्हणाली, मटार क्लिनिकला जाऊन आल्यापासून फार मऊ शिजतात.

म्हणजे माहीत आहे. ताटं उचलताना लोका सांगे, एवढंच पुटपुटली. पुढचं मला पाठ आहे.

२१ सप्टेंबर, रविवार

तिसरी तालीम. सूर कमी केले. जिथे आठ होते तिथे दोन. थोर वादक असेच वाजवतात, हातचं राखून.

मधल्या चहाला कप दोन्ही हातांनी धरला. कन्येने बराच वेळ कपाकडे पाहिलं. मग विचारलं, बाबा, हात दुखतोय का? मी म्हणालो, छे. ती म्हणाली, बरं.

हे बरं ती आईकडून शिकली आहे. त्यात बरं काहीच नसतं.

२५ सप्टेंबर

हॉटेलवाल्याचे तीन आठवडे पूर्ण. चाचणी केली, त्याने आवाजसुद्धा काढला नाही. माझ्या उपचारपद्धतीचा विजय. आनंद झाला. संध्याकाळपर्यंत कमी झाला.

हा माणूस सगळंच करतो. मी दिलेला व्यायामाचा छापील कागद त्याने घडी करून खिशात ठेवलाय, प्रत्येक व्यायामापुढे खुणा. मीच लिहिलेला कागद, बारा वर्षांपूर्वी. शेवटची ओळ विसरलो होतो. त्याने मोठ्याने वाचून दाखवली: दुखणं लपवू नका, लपवणारा पेशंट सगळ्यात उशिरा बरा होतो. म्हणाला, डॉक्टर, काय लिहिलंय!

कागद आता जुना झालाय, बदलायला हवा, म्हणालो.

जाताना माझ्या बाहीतून डोकावणारी पट्टी पाहून तो थबकला. डेमो पीस, असं बाईंनी काउंटरवरून परस्पर सांगितलं.

३० सप्टेंबर

शर्टाची बटणं हिने लावली. लग्नानंतर पहिल्यांदाच. मी म्हटलं, बघ, प्रेम अजून आहे. ती म्हणाली, खालची दोन राहिलीत, हलू नका.

क्लिनिकमध्ये एक आजोबा आले होते. हात मोडल्यावर पाच महिने त्यांची मूठ वळत नव्हती. ताकद बघायला नेहमीसारखा हात पुढे केला. चुकून डावा. त्यांनी दाबला. मी ओरडलो. बाई धावत आल्या, वरून दातांच्या डॉक्टरांचा माणूसही आला.

आजोबा मात्र हरखून गेले. डॉक्टरला रडवला, असं फोन करून सुनेला सांगत होते. पेशंटचा आत्मविश्वास वाढवणं हा उपचाराचाच भाग आहे.

बारा दिवस राहिले. तेवढे निभावू.

५ ऑक्टोबर, रविवार

शेवटची तालीम.

दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर अंगठ्याने संप केला. वळेचना. गिटार हातातून सुटली, पट्ट्याला लोंबकळत राहिली. मी वाकून पट्ट्याला हात घातला. कन्येने माइक खाली ठेवला. बाकीच्यांना म्हणाली, पाच मिनिटं.

गॅरेजच्या पायरीवर बसलो. तिने माझी बाही वर केली. स्प्लिंट बघून तिला आश्चर्य वाटलं नाही. म्हणाली, पहिल्या रविवारपासून माहीत आहे. मी म्हणालो, किरकोळ आहे, आठवडाभरात... तिने पुरं करू दिलं नाही.

म्हणाली, बाबा, बेसवाला मला कुठूनही मिळाला असता. तुझ्याबरोबर पाच रविवार हवे होते, म्हणून विचारलं. मग म्हणाली, आता मी दोन वर्षं नसणार. फोनवर विचारणार, कसा आहेस. तू म्हणणार, मजेत. समोर बसून अंगठ्याबद्दल खोटं बोलतोस, तर फोनवरचं मी खरं कसं मानू? तिथे रोज काळजी करत बसू का?

पंचवीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये एवढं बरोबर निदान मी कुणाचं केलेलं नाही.

दुखतोय, म्हणालो. खूप. महिनाभर झाला.

तिने हात हातात घेतला. चुकीच्या पद्धतीने धरला होता, कळ आली. सांगितलं नाही. मग सांगितलं.

६ ऑक्टोबर

आता वाजवणार कोण? या गावात बेस वाजवणारा माझ्या ओळखीचा एकच. त्याला फोन लावला. आनंदाने तयार झाला. म्हणाला, पण डॉक्टर, तुम्ही परवानगी दिलीत तरच.

लगेच बोलावून तपासला. जरा जास्तच बारकाईने. मूठ, मनगट, पुन्हा मूठ, पुन्हा मनगट. कुठे थोडं तरी दुखतं का, असं चौथ्यांदा विचारल्यावर तो म्हणाला, दुखायला हवं का?

वेळापत्रकाप्रमाणे त्याला सलग अर्धा तास चालतो. चार गाणी बावीस मिनिटांची. वेळापत्रक माझंच. परवानगीचा कागद लिहिला. सही करताना कागद डाव्या हाताने धरता येईना, बाईंनी धरला. मग त्यांनी दुसरा कोरा केसपेपर काढला, वर माझं नाव घातलं आणि विचारलं, तक्रार काय लिहू, सर? म्हटलं, डावा अंगठा, किरकोळ.

किरकोळ त्यांनी लिहिलं नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

कार्यक्रम. तिसऱ्या रांगेत बसलो, अर्ध्या बाह्या, स्प्लिंट उघड्यावर.

ही चार गाणी मी सहा आठवडे वाजवत होतो. ती मुळात अशी आहेत हे आज कळलं. हॉटेलवाला अंगठा नुसता टेकवून, इकडे तिकडे बघत, हसत वाजवत होता. हेवा वाटला. पहिल्या गाण्यापुरता. नंतर तिच्याकडेच बघत होतो. ती गाताना डावा खांदा उचलते, हे मला तालमीत दिसलंच नव्हतं. मी माझ्याच बोटांकडे बघत होतो.

शेवटी तिने सगळ्यांची ओळख करून दिली. हॉटेलवाल्याबद्दल म्हणाली, यांचा हात माझ्या बाबाने बरा केला. बाबाचा हात कोण बरा करणार ते अजून ठरायचंय. लोक हसले, मग टाळ्या.

एका हाताने टाळी वाजत नाही. लहानपणापासून ऐकत होतो, आज अनुभवलं. उजवा हात नुसताच हवेत धरून बसलो होतो. हिने न बघता आपला तळहात माझ्यापुढे धरला. त्यावर वाजवल्या. बऱ्याच वाजवल्या. ही म्हणाली, पुरे, आता माझाही केसपेपर काढावा लागेल. डोळे तिचेही पुसायचे होते, पण हात माझ्याकडे होता.

१८ ऑक्टोबर

परवा गेली. आज सकाळी तिचा मेसेज: पोचले, खोली छान आहे, थंडी खूप आहे, हात कसा आहे?

मजेत, असं लिहिलं. खोडलं. सकाळी जास्त दुखतो, दुपारी कमी, असं लिहिलं. तिने लिहिलं, विश्रांतीचा कितवा दिवस? मी लिहिलं, तेरावा. ती म्हणाली, स्प्लिंटचा फोटो पाठव.

हिने फोटो काढला. चांगला आला, पाठवला.

दोन मिनिटांनी उत्तर आलं: बाबा, मागे गिटार पेटीबाहेर का आहे?

धूळ पुसायला काढली, लिहिलं.

खोडलं.

दहा मिनिटं वाजवली, लिहिलं. दुखलं.

उत्तर आलं: बरं.