चैत्रातली लाट

पिंपरी, सोमवार, १६ फेब्रुवारी १९७६

मिळाली! चैत्रात वीस दिवस रजा, साहेबांच्या सहीसकट.

हे महिनाभर म्हणत होते, "अंदमानला दिवाळीत जाऊ, पाऊस संपलेला असतो." अहो, तो इथला पाऊस! पोर्ट ब्लेअरला नोकरीला असलेल्या माझ्या दादानं स्वच्छ लिहिलंय, दिवाळीत तिथे छत्री लागते. चैत्रात या, ऊन असतं आणि लाटाही चांगल्या उठतात. तो बोटीची जुनी फळी पोटाखाली धरून लाटेवरून थेट किनाऱ्यापर्यंत घसरत येतो म्हणे. ती फळी माझ्या डोक्यातून जाईना. पवनेत त्याच्या आधी मी पोहायला शिकले, आणि फळी एकट्या त्याची?

पण चैत्रात गावोगावच्या जत्रा. आमच्या पॅकिंगच्या टेबलावर एका वेळी एकीलाच रजा, आणि चैत्रातली दरवर्षी निघोजे गावच्या शेवंताची. आज डबा खाताना तिला सरळच विचारलं. म्हणाली, "जत्रंला दोन दिस बास मला. बाकीची तू घे. पर दिवाळीची तुझी रजा मला द्यायची." दिली! दिवाळीत कुठे जायचंय मला आता?

साहेबांनी विचारलं, "वीस दिवस समुद्रावर करणार काय?" "बघणार," म्हटलं. मी फळीचं बोलले असते तर त्यांनी सही केली असती का? कोण जाणे.

संध्याकाळी घरात पाट टाकून त्यावर पालथी पडले आणि हात मारून बघत होते, तेवढ्यात हे दारात.

"अगं, हे काय?"

"बाजूला व्हा," म्हटलं, "लाट येतेय."