पानांची चाचणी

१४ मार्च, सायंकाळी ५.४०. लेट्यूसची शिल्लक पाने: शून्य.

सूनबाई,

तुझे आईवडील आज प्रथमच आपल्याकडे जेवायला येत आहेत आणि पाने मी संपवली आहेत. तू करून ठेवलेले मशरूम, आले व सोया सॉसचे सारण गरम भरले की पान मऊ पडून फाटते, याची मी पुनःपुन्हा खात्री केली. सारण कोमट असावे. पाने बर्फाच्या पाण्यातून काढून कोरडी पुसावीत, म्हणजे गुंडाळी टिकते. नवा गड्डा घेऊन मी सातपर्यंत परततो. घाबरून बेत बदलू नकोस. सकाळी "व्याह्यांपुढे काय पाला वाढणार?" असे विचारणाऱ्या तुझ्या सासूबाईंनी टिकलेल्या गुंडाळ्या उभ्या उभ्या खाल्ल्या. एकूण पाच.

— बाबा