बिनबोलाचा सिनेमा

७ जानेवारी १९९४
आजही तेच. हे साखर कारखान्यावरनं आले, जेवले, आडवे झाले. म्हटलं, छकुलीला ताप हाय. भिंतीकडं तोंड करून पडून राहिले! असंच चाललंय वर्षभर.

१४ जानेवारी
संक्रांत. तिळगूळ हातावर ठेवला. म्हटलं, "गोड राहू द्या, नुसतं बोला." खाल्ला. कूस बदलली.
मीही आता हळूच बोलते, अर्धं स्वतःशीच. घसा कशाला झिजवायचा?

१५ जानेवारी
कंटाळा आलाय. बस्स.

१६ जानेवारी, रविवार
युवराज आला आमच्याकडं लासुर्ण्याला — माझा धाकटा भाऊ, बारामतीत त्याचं व्हिडिओ कॅसेटचं दुकान. व्हीसीआर आणला होता. जुना मुका सिनेमा लावला. छकुली ओरडली, "मामा, आवाज बिघडलाय!"
"अगं, ह्यात कुणी बोलतच न्हाय."
एक जाडजूड रंगारी, खांद्यावर शिडी. इकडं वळला की फौजदार आडवा, तिकडं वळला की मालक चुन्याच्या बादलीत! स्वतःही आपटतो, उठतो, टोपी झटकतो, परत कामाला. मला आधी हसू येईना. मग वाटलं, एवढं पडून ह्याचं काहीच कसं मोडत न्हाय? — आणि हसत सुटले. किती दिवसांनी!
आणि हे? सगळ्यांच्या आधी हसत होते, मांडी बडवत! शिडी फिरायच्या आत ह्यांना कळायचं. लग्न नवं होतं तेव्हा असेच हसायचे.
चहा आणताना दारातच वायरीत पाय अडकला. ताट, कपबश्या, मी — सगळं खाली! छकुली किंचाळली. युवराजनं मला उठवून आत नेलं. हे टीव्हीकडं बघून हसतच राहिले. मान वळवली न्हाय.
एवढी नकोशी झाले?

१७ जानेवारी
गुडघा टम्म सुजलाय. सकाळी ह्यांनी बघितला नि दचकले — "कवा पडलीस?"
कवा!
दिवसभर तेच डोक्यात. संध्याकाळी हे उंबऱ्यात बसलेले. मागनं जाऊन परात आपटली, जोरात. शेजारच्या बनाबाई धावत आल्या, "काय पडलं गं?" हे चपलेची माती खरवडत होते.

१८ जानेवारी
हनुवटी धरून ह्यांचं तोंड माझ्याकडं वळवलं. ओरडून म्हटलं, "तुमाला ऐकू येत न्हाय! मला का न्हाय सांगितलं?"
ओठांकडं बघत राहिले. मग म्हणाले, "कारखान्यात मिलच्या खडखडाटात समदी हातवारं करूनच बोलत्यात. आन् घरी... मला वाटलं, तूच बोलायचं सोडलंस."